तेल-तूप बंद केल्याने कोलेस्टेरॉल किती उतरते?

रिपोर्टवर ‘कोलेस्टेरॉल वाढलेले’ दिसले की बहुतेक घरांत त्याच दिवशी दोन गोष्टी होतात. तुपाची बरणी वरच्या फळीवर जाते आणि भाज्या पाण्यावर शिजू लागतात. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होते. समजा एलडीएल १५२ वरून १४६ वर आले आणि ट्रायग्लिसराइड्स मात्र १७० वरून २१० वर गेली, तर रुग्ण वैतागून विचारतो, “डॉक्टर, तीन महिने तळलेलं तोंडात घातलं नाही. मग हे वाढलं कसं?”

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर बहुधा ताटातच सापडते. तेल गेले, पण भूक तेवढीच राहिली. ती भागवायला एक पोळी वाढली, भाताची मूद मोठी झाली, चहाबरोबर दोनच्या जागी पाच मारी बिस्किटे आली. चरबी कमी झाली हे खरे, पण तिची जागा पिष्टाने आणि साखरेने घेतली. आहारातील चरबी कमी केल्यावर रक्तातील कोलेस्टेरॉलचे काय होते, हे या अदलाबदलीवर अवलंबून असते.

थोडक्यात

- एकूण चरबी नुसती कमी केल्याने एलडीएल थोडेच उतरते. संपृक्त चरबी कमी करून तिच्या जागी असंपृक्त तेले, दाणे आणि कडधान्ये घेतली तर ते जास्त उतरते.
- चरबीच्या जागी भात, मैदा आणि साखर वाढली तर ट्रायग्लिसराइड्स वाढू शकतात आणि एचडीएल घटू शकते.
- ट्रायग्लिसराइड्स खूप जास्त (५०० च्या वर) असतील तर मात्र सर्वच प्रकारची चरबी कमी करावी लागते.
- हृदयविकार, मधुमेह किंवा आनुवंशिक कोलेस्टेरॉल असलेल्यांनी पथ्याच्या भरवशावर गोळी बंद करू नये.

रिपोर्टमधले आकडे कसे वाचावेत?

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे रक्तातून ते प्रथिनांच्या वेष्टनातल्या सूक्ष्म कणांमधून फिरते. या कणांवरूनच रिपोर्टमधली नावे आली आहेत.

एलडीएल हे कण धमनीच्या भिंतीत शिरून साठतात. हृदयविकाराचा धोका ठरवताना सर्वांत जास्त महत्त्व याच आकड्याला असते. निरोगी माणसात तो १०० मि.ग्रॅ.च्या आत असावा. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णात तो ७० च्या खाली आणि अनेकदा त्याहूनही कमी ठेवावा लागतो.

एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी असेल तर ते धोक्याचे चिन्ह मानतात.

ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तात फिरणारी चरबी. उपाशीपोटी ती १५० च्या आत असावीत. ती जेवणाने, गोडाने आणि मद्याने लवकर वर जातात.

अनेक प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करून ते काढतात. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील तर हे गणित चुकते. अशा वेळी १२ तास उपाशी राहून तपासणी पुन्हा करावी किंवा एलडीएल थेट मोजून घ्यावे.

ताटातली चरबी रक्तात काय करते?

शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल आपण खात नाही, ते शरीरातच तयार होते. या कामात यकृताचा वाटा मोठा असतो. रक्तातले एलडीएल गोळा करून परत घेण्याचे कामही मुख्यतः यकृतच करते. त्यासाठी यकृताच्या पेशींवर एलडीएलला पकडणारे रिसेप्टर असतात. हा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

संपृक्त चरबी जास्त खाल्ली की या रिसेप्टरचे काम मंदावते. एलडीएल उचलले जात नाही आणि रक्तात साचत राहते. तूप, लोणी, साय, खोबरेल तेल, पामतेल आणि चरबीयुक्त मटण यांत ही चरबी जास्त असते.

असंपृक्त चरबीने असे होत नाही. करडई, सूर्यफूल, सोयाबीन, शेंगदाणा, तीळ, मोहरी यांच्या तेलात, तसेच जवस, अक्रोड, बदाम आणि मासे यांत ती जास्त असते. संपृक्त चरबीच्या जागी ती घेतली तर एलडीएल उतरते.

तिसरा प्रकार ट्रान्स चरबीचा. वनस्पती तुपात आणि त्यापासून केलेल्या बेकरीच्या पदार्थांत ती पूर्वी भरपूर असे. ती एलडीएल वाढवते आणि एचडीएल घटवते, म्हणून सर्वांत वाईट. भारतात जानेवारी २०२२ पासून तेले, वनस्पती आणि चरबीयुक्त खाद्यपदार्थांत तिचे प्रमाण चरबीच्या २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे. मात्र ट्रान्स चरबी गेली म्हणून खारी आणि नानकटाई हृदयाला चांगली झाली असे नाही. तिच्या जागी बहुधा पामतेलातली संपृक्त चरबी आलेली असते.

चरबीच्या जागी काय येते?

दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाचे उदाहरण घेऊ. त्याने रोजच्या आहारातून सुमारे ११ ग्रॅम संपृक्त चरबी कमी केली, म्हणजे साधारण १०० कॅलरी गेल्या. पोट भरायला त्याने तेवढ्याच कॅलरी दुसऱ्या कशातून घेतल्या. नियंत्रित आहार-प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणातून मिळणारे सरासरी परिणाम असे आहेत:

- जागा पिष्टमय पदार्थांनी घेतली तर एलडीएल सुमारे ६ मि.ग्रॅ.ने उतरते, एचडीएल सुमारे २ ने घटते आणि ट्रायग्लिसराइड्स सुमारे ५ ने वाढतात.
- जागा शेंगदाणा किंवा ऑलिव्हसारख्या तेलांतील एकअसंपृक्त चरबीने घेतली तर एलडीएल सुमारे ८ ने उतरते. एचडीएल जवळपास तेवढेच राहते.
- जागा करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांतील बहुअसंपृक्त चरबीने घेतली तर एलडीएल सुमारे १० ने उतरते आणि ट्रायग्लिसराइड्सही सुमारे ४ ने कमी होतात.

हे आकडे लहान वाटतील, पण ते एकाच बदलाचे आहेत. ज्यांचे पोट सुटलेले आहे किंवा ज्यांना मधुमेह आहे, त्यांच्यात पिष्टाने ट्रायग्लिसराइड्स याहून बरीच जास्त वाढू शकतात. गरजेपेक्षा जास्त आलेल्या साखरेची आणि पिष्टाची यकृत चरबी बनवते आणि ती रक्तात सोडते. ही चरबी वाढली की एचडीएलचे कणही लवकर नाहीसे होतात. म्हणून एक आकडा चढताना दुसरा उतरताना दिसतो.

उपवासाच्या दिवसाचेच पाहा. साबुदाण्याच्या खिचडीत नको म्हणून दाण्याचे कूट कमी केले जाते आणि साबुदाणा वाढवला जातो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्या ताटलीत रक्तातल्या चरबीच्या दृष्टीने उपयोगाचा पदार्थ होता तो दाण्याचे कूटच.

मोठ्या अभ्यासांत काय दिसले?

अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतरच्या ४८,८३५ स्त्रियांनी भाग घेतला. त्यांच्यातील एका गटाला एकूण चरबी कमी करून भाज्या, फळे आणि धान्ये वाढवायला सांगितले होते. सरासरी ८ वर्षांनंतरचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन गटांमधला एलडीएलचा फरक जेमतेम साडेतीन मि.ग्रॅ. होता. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. या स्त्रियांनी चरबी सरसकट कमी केली होती. संपृक्त चरबीबरोबर उपयोगाची तेलेही कमी झाली.

स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’ अभ्यासात हृदयविकाराचा धोका जास्त असलेले सुमारे ७,४०० लोक होते. काहींना ऑलिव्ह तेल, काहींना रोज मूठभर अक्रोड-बदाम देऊन भूमध्यसागरी पद्धतीचा आहार सुचवला. तिसऱ्या गटाला चरबी कमी करण्याचा सल्ला दिला. पहिल्या दोन गटांत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. गटवाटणीतील त्रुटींमुळे हा अभ्यास २०१८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध करावा लागला, तरी मुख्य निष्कर्ष कायम राहिला.

‘मग बिनतेलाच्या आहाराने लोक बरे होतात ते कसे?’ असे विचारले जाते. अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चरबी एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांवर आणली होती आणि एलडीएल एक तृतीयांशाहून जास्त उतरले होते. पण त्या रुग्णांनी पूर्ण शाकाहार, नियमित व्यायाम, धूम्रपानबंदी आणि ताण कमी करण्याचा कार्यक्रम हे सारे एकत्र पाळले. त्यांचे वजनही बरेच उतरले. शिवाय रुग्ण पन्नासच्या आत होते. अशा आहारात धान्य अख्खे असते, भाज्या-कडधान्ये भरपूर असतात. फक्त फोडणीतले तेल काढून पांढरा भात तेवढाच ठेवला तर तो परिणाम मिळत नाही.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे

आयसीएमआर-इंडियाब या पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथील प्रौढांच्या रक्तातील चरबी तपासली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचडीएल कमी असलेले ७२.३ टक्के होते, ट्रायग्लिसराइड्स जास्त असलेले २९.५ टक्के, आणि एलडीएल जास्त असलेले ११.८ टक्के. म्हणजे आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारे दोन दोष नेमके तेच आहेत, जे पिष्टमय आहाराने आणखी बिघडतात. पाश्चात्त्य देशांत चीज, लोणी आणि मांस भरपूर खाणाऱ्यांसाठी सुचवलेला ‘चरबी कमी करा’ हा सल्ला वरण-भात-पोळी खाणाऱ्या घरात जसाच्या तसा आणला की असा गोंधळ होतो.

स्वयंपाकघरात काय बदलावे?

*आधी संपृक्त चरबी कुठून येते ते शोधा.* २००० कॅलरींच्या आहारात ती २२ ग्रॅमच्या आत असावी. एलडीएल वाढलेले असेल तर साधारण १३ ग्रॅमपर्यंत आणावी. चमचाभर (५ ग्रॅम) तुपात ती सुमारे ३ ग्रॅम असते. अर्धा लिटर फुल क्रीम दुधात मात्र ती १८ ग्रॅमच्या आसपास जाते. वरणावरचे चमचाभर तूप सोडून रात्री सायीसकट दूध पिणारे अनेक जण असतात. त्यांनी आधी दूध बदलावे. टोन्ड दुधात चरबी निम्मी आणि डबल टोन्डमध्ये फुल क्रीमच्या पाव भाग असते. कोकण आणि गोव्याकडच्या घरांत नारळाचा हिशेब आधी करावा. रोजच्या वाटणात माणशी २० ग्रॅम ओले खोबरे गेले तरी सुमारे ६ ग्रॅम संपृक्त चरबी होते.

*तेल निवडा.* तेलातल्या संपृक्त चरबीचे ढोबळ प्रमाण असे: करडई आणि मोहरी १० टक्क्यांच्या आत, सूर्यफूल ११, सोयाबीन आणि तीळ १५, शेंगदाणा १८, तांदळाच्या कोंड्याचे २० ते २२, पाम ५०, तूप आणि लोणी ६० ते ६५, खोबरेल ९०. करडई आणि शेंगदाणा ही तेले महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. त्यांना सोडून महागडे परदेशी तेल आणण्याची गरज नाही. बाटलीवरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ या शब्दांना भुलू नका. कोणत्याच वनस्पतिजन्य तेलात दखल घेण्याइतके कोलेस्टेरॉल नसते. पामतेलाच्या पुडीवरही तसे लिहिता येईल.

*तेल मोजा.* चांगल्या तेलाच्याही एका ग्रॅममागे ९ कॅलरी असतात. चार माणसांच्या घरात महिन्याला ४ लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज ३० ग्रॅम, म्हणजे सुमारे २७० कॅलरी होतात. बैठे काम करणाऱ्यांनी ते २० ग्रॅमच्या आसपास आणावे, म्हणजे चौघांना महिन्याला अडीच-पावणेतीन लिटर. तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये.

*रिकाम्या जागी कडधान्य आणि भाजी आणा.* मटकी, हरभरा, राजमा, ओट्स, जव, मेथीदाणे, पेरू आणि इसबगोल यांतला विरघळणारा तंतू आतड्यातील पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो. नवे पित्ताम्ल तयार करण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. असा ५ ते १० ग्रॅम तंतू रोज पोटात गेला तर एलडीएल सुमारे ५ टक्के उतरते. दुसऱ्या पोळीच्या जागी वाटीभर उसळ हा सोपा बदल आहे.

*दाण्यांना घाबरू नका.* मूठभर शेंगदाणे, जवसाची किंवा कारळ्याची चटणी, बदाम-अक्रोड यांतली चरबी मुख्यतः असंपृक्त असते. फक्त ते जेवणावर भर म्हणून न खाता फरसाण आणि बिस्किटांच्या जागी खावेत. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे आठवड्यातून दोनदा घ्यावेत. तळण्यापेक्षा कालवण बरे, मात्र नारळ बेताचा.

*पिष्टाकडेही लक्ष द्या.* भात आणि मैदा कमी, ज्वारी-बाजरीची भाकरी बरी, पण तीही मोजून. चहातली साखर आणि गूळ दोन्ही धरावेत. गुळाने ट्रायग्लिसराइड्स वाढत नाहीत हा गैरसमज आहे.

किती फरक अपेक्षित धरावा?

संपृक्त चरबी कमी करणे, तंतू वाढवणे आणि वजन उतरवणे हे नेटाने केले तर एलडीएल साधारण १० ते १५ टक्के खाली येते. १६० असेल तर १४० च्या आसपास. परिणाम काही आठवड्यांत दिसू लागतो, म्हणून तपासणी सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा करावी. सारखेच पथ्य पाळूनही एकाचे एलडीएल ३० ने उतरते आणि दुसऱ्याचे ५ ने. यात आनुवंशिकतेचा भाग मोठा असतो. कमी उतरले म्हणजे रुग्णाने चोरून खाल्ले, असा आरोप घरच्यांनी करू नये.

थायरॉइड मंद असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा स्टिरॉइडसारखी औषधे चालू असतील तरीही रक्तातील चरबी वाढते. मूळ कारणावर उपचार झाल्याशिवाय पथ्याचा पुरेसा उपयोग होत नाही.

चरबी खरोखर कमी कोणी करावी?

ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर असतील तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. १००० च्या वर तो बराच वाढतो. या रुग्णांमध्ये जेवणातून आलेली चरबी रक्तातून हटतच नाही. त्यांना सर्व प्रकारचे तेल-तूप काही काळ अगदी कमी, कॅलरींच्या १० ते १५ टक्क्यांपर्यंत ठेवावे लागते. साखर आणि मद्य पूर्ण बंद. करडईचे तेल चांगले म्हणून त्यांनी ते वाढवू नये. हा आहार डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखालीच घ्यावा.

नेहमीच्या शंका

*अंडे खावे का?* एका अंड्यात सुमारे २०० मि.ग्रॅ. कोलेस्टेरॉल असते. तरी बहुतेकांच्या रक्तातील एलडीएलवर अंड्यापेक्षा संपृक्त चरबीचा परिणाम जास्त होतो. निरोगी माणसाला रोज एक अंडे चालते. मधुमेह किंवा हृदयविकार असेल, एलडीएल वाढलेले असेल तर पिवळा बलक किती खावा हे डॉक्टरांना विचारावे.

*घरचे साजूक तूप औषधी असते ना?* घरचे असले तरी त्यातली संपृक्त चरबी तेवढीच असते. एलडीएल ठीक असेल आणि दूध-खोबरे बेताचे असेल तर दिवसाला एक-दोन चमचे तुपाने बिघडत नाही.

*मी बारीक आहे, मला कोलेस्टेरॉल कसे?* एलडीएल वजनापेक्षा आनुवंशिकतेवर जास्त अवलंबून असते. सुमारे २५० ते ३०० माणसांत एकाला जन्मजात जास्त एलडीएलचा विकार असतो. एलडीएल १९० च्या वर असेल किंवा घरात कोणाला तरुणपणी हार्ट अटॅक आला असेल तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी.

*पथ्य पाळतो आहे, गोळी बंद करू का?* नाही. स्टॅटिनच्या गोळीने एलडीएल ३० ते ५० टक्के किंवा अधिक उतरते. पथ्य तेवढे करू शकत नाही. एलडीएल सुमारे ३९ मि.ग्रॅ.ने कमी झाले की हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटनांचा धोका साधारण एक पंचमांशाने घटतो. स्टेंट टाकलेल्या रुग्णाने ‘आता तेल सोडले आहे’ म्हणून गोळी थांबवणे घातक ठरू शकते. गोळीने अंग दुखत असेल तर डॉक्टरांना सांगावे. डोस किंवा औषध बदलता येते.

डॉक्टरांना कधी भेटावे?

एलडीएल १९० च्या वर किंवा ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर असतील, तीन महिन्यांच्या पथ्यानंतरही आकडे हलत नसतील, किंवा मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखूचे व्यसन यांपैकी काही सोबत असेल तर भेटीची वेळ लांबवू नये. चालताना छातीत दाब येणे, पोटात वरच्या बाजूला तीव्र कळ येऊन ती पाठीत जाणे, अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पुढच्या भेटीला येताना रिपोर्टबरोबर तीन दिवस काय खाल्ले याची यादीही आणावी. त्यात दूध, चहातली साखर, बिस्किटे आणि पोळ्यांची संख्या न विसरता लिहावी. वाढलेल्या आकड्याचे कारण बरेचदा त्याच यादीत सापडते.